पत्र्यावरची फुली

सात रस्ता, सोलापूर
३ जुलै २०२३

चि. दानेश्वरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा बाप काल येऊन गेला. येताना मैंदर्गीहून शेंगा आणल्या, म्हणजे भांडायला आला आहे हे मला पिशवी बघूनच कळलं. दोन वर्षं मुलीला पुण्यात चित्रकला शिकू दिली, आता उरलेली दोन वर्षं तिने जाहिरातीचं काम शिकावं म्हणजे कुठेतरी नोकरी लागेल, एवढंच त्याचं म्हणणं. आणि तू फॉर्मवर काय लिहून आलीस? छापचित्र! "अक्का, छापायला शिकायला कॉलेजात जायला लागतं व्हय?" असं शिवशरणने मला विचारलं. आपल्या चौकातला चन्नप्पा तीस वर्षं लग्नपत्रिका छापतो. दहावी नापास आहे. पत्रिकेत नवरीचं नाव चुकतं, पण छपाई स्वच्छ असते.

तरी मी तुझ्या बाजूने बोलले. पाचवीपासून दहावीपर्यंत तू माझ्या घरात राहिलीस, माझ्याच शाळेत शिकलीस, घरी आत्या आणि शाळेत मॅडम म्हणालीस, आणि सहा वर्षांत एकदाही मला खोटं सांगितलं नाहीस. मला तेवढं पुरतं. शेवटी शिवशरण म्हणाला, "अक्का, तू हो म्हणशील तोवर ती तिथं. तू नको म्हणशील त्या दिवशी मी गाडी घेऊन जाणार." मी म्हटलं, ठरलं. तेव्हा लक्षात ठेव, तुझी ही दोन वर्षं माझ्या शब्दावर उभी आहेत.

माझी एकच अट. दर महिन्याला पत्र. फोन करायचा नाही. कानातल्या यंत्रातून माणसं मला डब्यात कोंडल्यासारखी ऐकू येतात, आणि मोबाइलवर अंगठे आणि हात जोडलेली चित्रं पाठवण्याइतकं माझं मराठी अजून आटलेलं नाही. घरी कानडी, शाळेत इंग्रजी आणि पत्रात मराठी, हा नियम मला माझ्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी नव्हे, तुझ्या आजीने, ईरम्माने घालून दिला. तो तू मोडायचा नाहीस.

शुद्धलेखन तपासून पत्र परत पाठवीन.

तुझी
आत्या


पुणे
२९ जुलै २०२३

ती. आत्या,
शरणु.

हे पत्र लाल शाईने माखून परत येणार हे माहीत असूनही लिहिते आहे.

चन्नप्पाकाकांच्या आणि आमच्या कामात काय फरक, ते सांगते. जस्ताचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. त्यावर मेणाचा काळा थर द्यायचा. सुईने त्या थरावर चित्र ओरखडायचं आणि पत्रा ॲसिडमध्ये ठेवायचा. सुई जिथे फिरली असेल तिथेच ॲसिड पत्रा खातं, बाकीचा मेण वाचवतं. नंतर मेण पुसलं की पत्र्यात बारीक चर उरतात. त्यांत शाई भरायची, वरवरची पुसून टाकायची, ओलसर कागद ठेवायचा आणि प्रेसच्या रुळाखालून काढायचा. कागद उचलेपर्यंत काय उमटलंय ते कुणालाच माहीत नसतं. चन्नप्पाकाकांना आधीच माहीत असतं. एवढाच फरक.

प्रेस धुळाकाका सांभाळतात. सांगोल्याकडचे आहेत. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "पोरी, शाई पुसायची आसती. तू तर भाकरीला तूप लावल्यावानी चोळतीस की!" तुम्हाला आवडतील. 'छान' हा शब्द त्यांच्याही तोंडून कुणी ऐकलेला नाही. तुम्ही दिलेली शेंगाचटणी त्यांनी एका बैठकीत संपवली आणि म्हणाले, "तिखट जरा कमीच हाय."

एक मागणं आहे. दिवाळीत मी तुमच्याकडे येईन तेव्हा दोन तास समोर बसाल का? मला तुमचा चेहरा काढायचा आहे.

सहावीतली माझी विज्ञानाची वही आठवते? पचनसंस्थेच्या जागी मी तुमच्या टेबलावरची पितळी घंटा काढली होती. तुम्ही अख्ख्या पानावर लाल फुली मारलीत. पट्टी न घेता. पहिली रेघ लांब, दुसरी जराशी आखूड, दोन्ही ओळंबा लावल्यासारख्या सरळ. वर्गातल्या मुली माझ्याकडे बघत होत्या आणि मी तुमच्या हाताकडे. तशी रेघ मला अजून येत नाही.

तुमची
दानी


सोलापूर
१२ ऑगस्ट २०२३

चि. दानी,

पाच चुका. 'माहीत'ची वेलांटी मात्र बरोबर, म्हणून परत पाठवत नाही.

फुली योग्यच होती. घंटेत पचन होत नाही. त्या रात्री तू न जेवता झोपलीस, तेही मला आठवतं. ते मी आजवर कुणाला बोलले नव्हते, आज लिहिते आहे. घंटा हुबेहूब होती. तिच्या दांड्यावरचा टवकासुद्धा काढला होतास.

चेहऱ्याचं म्हणशील तर या वयात तो काढण्याजोगा उरलेला नाही. पण बसेन. दोन तास म्हणजे दोनच. आणि मला हसायला सांगायचं नाही.

धुळाला तिखट चटणी वेगळी पाठवते. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं की कळव.

आत्या


सोलापूर
१८ जानेवारी २०२४

चि. दानी,

चित्राची पुठ्ठ्याची नळी मिळाली. गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीमुळे उशीर झाला असं पोस्टमन म्हणतो. थाप आहे, पण नळी चेपली नव्हती म्हणून त्याला सोडून दिलं.

आता मला सांग, दिवाळीत दोन तासांच्या जागी चार तास मला लाकडी खुर्चीवर बसवलंस, ते कुणाचं चित्र काढायला? घड्याळ उजव्या मनगटात. मी आयुष्यात उजव्या हातात घड्याळ बांधलेलं नाही. पदर उजव्या खांद्यावर! मला गुजराती कधी केलंस? डाव्या गालावरचा तीळ, बासष्ट वर्षं एका जागी असलेला, मला न विचारता पलीकडच्या गालावर गेला. चित्रकलेत डावं-उजवं शिकवत नाहीत का?

बाकी सुरकुत्या एकूण एक काढल्यास. एकीलाही सूट दिली नाहीस. खालच्या मजल्यावरची बाई बघून "अय्या, काय हुबेहूब!" म्हणाली, तेव्हा मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

रागावून लिहिते आहे असं समजू नकोस. विचारते आहे.

आत्या


पुणे
२७ जानेवारी २०२४

ती. आत्या,
शरणु.

पत्र वाचून दाखवलं तर धुळाकाका प्रेसचं चाक धरून हसत होते.

पत्र्यावर जे डावीकडे असतं ते कागदावर उजवीकडे येतं. अक्षरं छापायची असली तर आम्ही पत्र्यावर उलटी कोरतो. तुमचा चेहराही मी उलटा कोरला असता तर छापात सुलटा आला असता. मी मुद्दाम नाही कोरला. आरशात तुम्ही स्वतःला अशाच दिसता. रोज सकाळी घड्याळ बांधून, पदर नीट करून ज्या बाईला तुम्ही एकदा नजरेने दटावता आणि मग घराबाहेर पडता, ती ही बाई. बाकी सगळ्यांना दुसरी दिसते. मला ही काढायची होती.

तुम्ही विचारलंत ते बरं झालं. न विचारता रागावला असतात तर मला कळलंच नसतं.

दुसरी गोष्ट. बाबांचे दोन फोन आले. मोहोळचं स्थळ आहे. नंदीश नाव, पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान. सगळे चांगला म्हणतात, असेलही. पण आत्या, मला अजून एक वर्ष हवं आहे. शेवटच्या वर्षी दगडावरून छापायला शिकवतात. चांगला हातभर लांबीचा दगड असतो, घासून घासून आरशासारखा करायचा आणि त्यावर चित्र काढायचं. धुळाकाकांनी माझ्यासाठी एक आत्ताच बाजूला काढून ठेवला आहे. म्हणतात, "ह्यो दानीचा. कुनी हात लावायचा न्हाय." बाबांना फक्त तुमचाच शब्द अडवतो. एवढं वर्ष अडवाल ना?

तुमच्या चित्राचे सात छाप काढते आहे. वार्षिक प्रदर्शनात लावणार.

दानी


सोलापूर
६ फेब्रुवारी २०२४

चि. दानी,

मोहोळच्या पाइपवाल्याला थांबू दे. मी शिवशरणला इथे बोलावून घेतलं आणि सांगितलं, पोरगी दगडावर छापायला शिकल्याशिवाय परत येणार नाही. तर म्हणतो, "दगड मैंदर्गीत बी हायती की, अक्का." तो विनोद करायला लागला म्हणजे नरमला. लहानपणापासून तसाच आहे. वर्ष तुझं. निर्धास्त राहा.

आरशाचं पत्र दोनदा वाचलं. त्यावर मला काही म्हणायचं नाही.

आता माझी तक्रार. सात छाप? कुणाकुणाला? माझं तोंड म्हणजे चादरीवरचा मोर नव्हे, मागणी येईल तसे काढायला. सातचे आठ झाले तर मला खपणार नाही, सांगून ठेवते. आणि तो पत्रा तसाच पडून राहिला तर उद्या कुणीही उठून त्यातून मला छापेल. त्याचा काय तो बंदोबस्त कर आणि मला पुरावा पाठव. मी मुख्याध्यापिका होते, तोंडी आश्वासनांवर माझा विश्वास नाही.

आत्या


पुणे
१९ मार्च २०२४
(नळीतल्या चित्राखाली, पेन्सिलने)

आत्या, तुम्ही सांगितलंत तसा बंदोबस्त केला. आता पुन्हा नाही.
दानी


सोलापूर
२३ मार्च २०२४
(हे पत्र पेटीत टाकलं नाही)

दानेश्वरी,

नळी उघडली. माझाच चेहरा, आणि त्यावर फुली. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. काळी, खोल, बरोबर माझ्या नाकावर छेदणारी. पहिली रेघ लांब, दुसरी जराशी आखूड. ती कुणाची आहे हे कळायला मला चष्मा लागत नाही. चौतीस वर्षं मी तीच फुली मारत आले.

म्हणजे दहा वर्षं सांभाळून ठेवलीस. घंटेचं पान, लाल शाई, हसणाऱ्या मुली, सगळं. आणि मी आपली वेलांट्या तपासत बसले. मी म्हटलं बंदोबस्त कर, आणि तू माझाच केलास. वर लिहितेस, आता पुन्हा नाही. शाबास. मलाही पुन्हा नको.

तुला विचारावं असं एकदा मनात आलं. पण मागच्या वेळी पदरावरून मी बावळट ठरले, तुमच्या प्रेसजवळ सगळ्यांनी हसून घेतलं. आता फुलीचाही काहीतरी अर्थ तू मला समजावून सांगशील, आणि मी मान डोलावून ऐकून घेईन? इतकी म्हातारी मी झालेली नाही.


सोलापूर
२३ मार्च २०२४

चि. शिवशरण,
आशीर्वाद.

दानेश्वरीच्या बाबतीत मी चुकले. कारण विचारू नकोस. तिला घेऊन ये. मोहोळच्यांना होकार कळव.

अक्का


मैंदर्गी
२ एप्रिल २०२४

ती. आत्या,
शरणु.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बाबा गाडी घेऊन आले. मी शिडीवर होते. तुमचंच चित्र लावत होते. बाबा खालूनच म्हणाले, "उतर, घरी जायचंय." मी म्हटलं, आत्याला विचारलंत का? त्यांनी खिशातून तुमचं पत्र काढून दाखवलं. तुमचं अक्षर बघितलं आणि मी खाली उतरले. धुळाकाका मागे मागे फाटकापर्यंत आले. "पोरी, जातीस कुटं? खिळा अर्धाच ठोकलाय की!" असं काहीतरी म्हणत होते. मी काय सांगणार?

२८ एप्रिलची तारीख धरली आहे. घरात सगळे खूश आहेत. आई तर कानडीत गाणीच म्हणते आहे.

मी तुम्हाला उलट कधी बोलले नाही, आत्ताही बोलत नाही. फक्त विचारते. माझं काय चुकलं? नळी मिळाली ना?

दानी


सोलापूर
११ एप्रिल २०२४

चि. दानेश्वरीस,
आशीर्वाद.

नळी मिळाली. काय चुकलं ते तुला माहीत आहे.

गुडघ्यांमुळे लग्नाला येणं जमणार नाही. साडी शिवशरणबरोबर पाठवते आहे. संसार नीट कर.

आत्या


पुणे
८ जुलै २०२४

बाई, रामराम.

मी धुळा, प्रेसवाला. मी बोलतोय आन दानीची मैतरीण रेश्मा लिवून घेतीया. म्या तिला सांगितलंय, माझं बोलनं सुदरायचं न्हाय. तुमची नळी म्याच पोष्टात टाकली हुती, वहीत पत्ता गावला.

कॉलेज उगडलं, समदी पोरं आली, दानी आली न्हाय. फोन बंद लागतोय. आजारी हाय का? तिचा दगड म्या घासून ठिवलाय. लई झकास दगड हाय, दुसऱ्या पोरी मागत्यात, म्या दिला न्हाय. तुमी तिच्या आत्या, तुमचा शबूद घरात चालतो आसं ती सांगायची. म्हनून तुमास्नी इचारतो.

आन तुमच्या तोंडाचा पत्रा हितं पडलाय. फुलीवाला. टाकू का धाडू? आता त्यातनं आटवा छाप कुनी काडू शकत न्हाय, काळजी नसावी. तुमास्नी ठावं आसंल, तरी सांगतो. ठरल्यालं छाप निगालं की पत्र्यावर फुली मारायची, ही आमच्या कामातली इमानदारी. मग फुलीसकट एकच छाप काडायचा, पुरावा म्हनून. त्यो कंदी इकत न्हाईत. कामावर ज्येचा हक्क मानला त्येलाच द्यायचा. पोरं बहुतेक आपल्या मास्तरला देत्यात. दानी म्हनली, माज्या मास्तर सोलापुरात हायती.

दुसऱ्या पोरी कोपऱ्यात बारकी रेघ वडून मोकळ्या हुत्यात. ही म्हनली, न्हाय काका, आत्यांची फुली आख्ख्या पानावर आसती. म्या पट्टी दिली, घेतली न्हाय. चार दिस रद्दी पत्र्यावर हात बसवत हुती. तोंड सुलटं कोरलं हुतं, पर फुली मातुर उलटी वडली, म्हंजी छापात तुमच्या हातची दिसावी. वडताना डोळ्यातनं पानी गळत हुतं. म्या म्हनलं, आन हिकडं, मी वडतो. म्हनली, आत्यांचं तोंड हाय, मीच वडनार.

पोरीला धाडा, बाई. आसा हात दहा वरसात येत न्हाय. आन तुमच्या चटणीनं डोळ्यात पानी आलं हुतं, तिला सांगू नका.

धुळा


सोलापूर
१५ जुलै २०२४

चि. दानी,

हे पाचवं पत्र. आधीची चार फाडली. त्यांत मी स्वतःची बाजू मांडत होते.

सोबत २३ मार्चचं एक पत्र जोडते आहे. मी ते टाकलं नव्हतं. धुळाचं पत्रही जोडते. आधी माझं वाच, मग त्याचं. दोन्ही वाचलीस की तुला काय चुकलं ते कळेल. तुझं नव्हे.

मी मुलींना आयुष्यभर सांगत आले, शंका असेल तर हात वर करून विचारा. पदराच्या वेळी मी विचारलं, तू उत्तर दिलंस, मला ते आवडलंही. फुलीच्या वेळी विचारलं नाही. हात वर करण्यापेक्षा मला अपमान सोपा वाटला. तुझ्या 'नळी मिळाली ना' या एका वाक्यात सगळं होतं, आणि मी त्यातही टोमणा शोधला. पुरावा मीच मागितला होता, बंदोबस्त हा शब्दही माझाच. तू फक्त सांगितलं ते केलंस, नेहमीसारखं, सांगितल्यापेक्षा जास्त नीट.

तो छाप मी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर टाकला होता. परवा स्टुलावर चढून काढला. गुडघे दुखतात हे खोटं होतं. लग्नाला यायला ते दुखत नव्हते.

आता ऐक. मी मोहोळला येते. नंदीशशी बोलते, त्याच्या आईशी बोलते, तुझ्या बापाला तर समोर उभं करते. उरलेलं वर्ष तू पूर्ण करायचंस. हे मी घडवून आणेन. माझा शब्द आहे.

आत्या


मोहोळ
९ ऑगस्ट २०२४

ती. आत्या,
शरणु.

तुम्ही सांगितलंत त्याच क्रमाने वाचलं. धुळाकाकांचं मात्र तीनदा वाचलं.

मला वाटलं होतं, तुम्हाला सुरकुत्यांचा राग आला. खालच्या बाईंना चहा विचारला नाहीत ते वाचून मी हसले होते. नंतर लग्नाच्या मांडवात बसल्यावर मनात आलं, ते मनापासून लिहिलेलं असणार. मी एकदा विचारलं, आत्या. दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. पण तुम्ही 'तुला माहीत आहे' असं लिहिलंत, आणि तुम्ही कधी चुकीचं लिहीत नाही असंच मी शिकले आहे. म्हणून मग मीच माझी चूक शोधत बसले. बऱ्याच सापडल्या.

नंदीश चांगले आहेत. त्यांना दोन्ही पत्रं दाखवली. मग म्हणाले, "आधी सांगितलं असतंस तर मी थांबलो असतो की. मला काय घाई होती?" प्रवेशाची मुदत जूनमध्येच संपली. पुढच्या वर्षी बघू, म्हणतात. सासूबाईंचं ऑपरेशन आहे दसऱ्यानंतर. मलाही कळत नाही पुढच्या वर्षी मी कशी असेन.

तुम्ही येऊ नका. म्हणजे या, जेवायला या, चार दिवस राहा, पण बोलायला येऊ नका. तुम्ही शब्द टाकलात तर इथे कुणी मोडणार नाही, मला माहीत आहे. म्हणूनच टाकू नका. तुमच्या एका शब्दावर मी पुण्यात राहिले, एका शब्दावर शिडीवरून उतरले. तिसऱ्यांदा नको. जायचं झालं तर माझं मी जाईन. नाही गेले तर तेही माझंच असेल.

दुपारी मी दुकानात बसते. पाइप कापायच्या जागी मार्करने रेघ मारायचं काम माझ्याकडे आहे. समोरून पुण्याच्या गाड्या जातात. कामगार म्हणतो, वहिनी, तुम्हाला पट्टी लागतच नाही.

तशी रेघ मला आता येते, आत्या.

दानी


सोलापूर
१ जानेवारी २०२५

चि. दानी,
आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं वागले. पाच महिने कुणाकडे शब्द टाकला नाही. शिवशरण दोनदा येऊन "अक्का, काय झालं, बोल की" म्हणून गेला. मी त्याला शेंगा निवडायला बसवलं.

मात्र पुण्याला जाऊन आले. धुळाला भेटायला. मला वाटलं होतं तसा धिप्पाड नाही, माझ्या खांद्याला लागेल एवढाच आहे. त्याने तुझा दगड दाखवला. वर फडकं झाकून ठेवलेला. मी हात लावून बघितला. इतका गार आणि गुळगुळीत दगड मी कधी बघितला नव्हता. "बाई, पोरगी येनार आसंल तर ठिवतो. न्हायतर ह्या वरसाच्या पोरीस्नी कामाला पायजे." त्याला हो म्हणावं की नाही ते मला कळेना. तुझ्या वतीने बोलायचा हक्क माझ्याकडे नाही, असं म्हटलं. त्याने फडकं काढून घडी केली. मी मान खाली घालून उभी होते. चौतीस वर्षं दुसऱ्यांना तसं उभं केलं, आपण कसं उभं राहायचं ते कळत नव्हतं.

तो पत्रा मागून आणला. निघताना धुळाला विचारलं, ही फुली घासून काढता येते का? म्हणाला, "येती की. पर खोल वडलीया तिनं. घासता घासता तोंडबी जाईल." मी म्हटलं, राहू दे.

दर महिन्याच्या पत्राची अट आता माझ्यावर. एक तारखेला माझं पत्र येईल. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. चुका असल्या तर लाल शाईने परत पाठव. मला आवडेल.

फुलीचा छाप चौकट करून बैठकीत लावला आहे, दारातून आलेल्याला समोरच दिसेल असा. येणारे बघतात आणि विषय बदलतात. परवा ऋतुजा आली होती. माझी जुनी विद्यार्थिनी, तुझ्या पुढे चार वर्षं असेल, आता स्वतः शिक्षिका आहे. तिने विषय बदलला नाही. जवळ जाऊन बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, इतकं सुंदर चित्र. हे असं कुणी केलं?"

मी म्हटलं, "मी."

मला वाटलं ती म्हणेल, छे, काहीतरीच. पण ती आणखी जवळ गेली, लांब रेघेवरून बोट फिरवलं, मग आखूड रेघेवरून. म्हणाली, "हो मॅडम. तुमचीच आहे."

तुझी
आत्या